वाकळ गच्चीवर घाला

आमच्या मंगळवार पेठेत वाकळ धुवायची एक वेळ असते. नवरात्र तोंडावर आलं की घराघरातली अंथरुणं-पांघरुणं निघतात, रिक्षात कोंबून घाटावर जातात, नाहीतर दारातच बायका लुगडी खोचून तुडवतात, आणि सगळ्या गच्च्या रंगीबेरंगी होऊन जातात. जुन्या लुगड्यांच्या घड्या एकावर एक ठेवून शिवलेली जाड गोधडी, ती आमची वाकळ. भिजली की एकटीला उचलत नाही. त्या दिवसांत कुणाच्या गच्चीवर किती वाकळा आहेत हे कुणी बघत नाही. पण एरवी, मधल्याच कुठल्या महिन्यात एखाद्या गच्चीवर एकटीच वाकळ लोंबताना दिसली की गल्ली विचारते. घरात बाळंतीण असेल तर हसून विचारते. नसेल तर विचारतच नाही. नुसती वर बघते, आणि मग तुमच्याकडं बघते.

हे आधी सांगितलं, कारण आमच्या घरातलं दुखणं वाढलं ते ह्या एका गोष्टीपायी. मी शिकलेली बाई नाही. चौथीत शाळा सुटली, पुढचं लिहिणं-वाचणं माझं मीच रेटलं. डॉक्टरी मला सांगता येणार नाही. पण ज्यांच्या घरात म्हातारं माणूस आहे, त्याला लघवी धरवत नाही, आणि घरातले सगळे त्या माणसाकडं न बघता त्याच्या अंथरुणाकडं बघतात, त्यांनी माझं थोडं ऐकावं. गोड बोलायला मला येतं. पण ह्या विषयात गोड काही नाही.

चहा सांडला

आमचे मालक उद्यमनगरच्या कारखान्यात लेथवर होते. जन्मभर उभं राहून काम. घरात सगळे त्यांना आबा म्हणतात, नात झाल्यापासून मीही म्हणते. गल्लीत कुणाचंही कार्य असो, बारसं असो, वास्तुशांत असो, पंगतीत आमटीची बादली आबांच्या हातात. "घे की रं, लाजतोस काय, तुझ्या सासऱ्याचं जातंय व्हय?" असं म्हणत पानात ओतायचे. आबा वाढायला असले की कुणी अर्धपोटी उठायचं नाही.

मग ते पंगतीला जायचे बंद झाले. म्हणाले, गुडघा दुखतोय. मला खरं वाटलं. आणि एक दिवस सकाळी त्यांची विजार दोरीवर दिसली. लग्न झाल्यापासून त्या माणसानं स्वतःचा रुमालसुद्धा धुतलेला नव्हता.

"अवो, विजार कुणी धुतली?"

"मी."

"आणि ती कशापायी?"

"चहा सांडला."

चहाचा वास कसा असतो हे मला कळतं. पण त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि पुढं विचारवलं नाही.

थोड्याच दिवसांत गोष्ट विजारीवरून वाकळेवर आली. आता वाकळ काही त्यांना एकट्याला धुता येईना, म्हणजे घरात कळलंच. घरात आम्ही पाच जण. आम्ही दोघं, मुलगा विजय, सून सुजाता आणि त्यांची एकुलती मुलगी सानिका. विजय कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत सुपरवायझर आहे. सुजाता मला आत्ती म्हणते, यांना मामंजी. कामाला वाघीण आहे, हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढं मी तिच्याबद्दल जे लिहिणार आहे त्यात ते विसरायला होईल.

पहिली वाकळ मी न् तिनं मिळून धुतली. पिळून बादलीत घातली, आणि मी जिन्याकडं निघाले तर ती आडवी आली.

"आत्ती, गच्चीवर नको."

"मग कुठं घालू, डोक्यावर?"

"मागच्या खोलीत घाला. पंखा लावते. सानिकाला बघायला माणसं यायला लागल्यात. गल्लीत कोण काय बोलंल, आणि ते कुठवर जाईल, सांगता येत न्हाई."

तिचं चुकत होतं असं मला त्या दिवशी वाटलं नाही. आबा खोलीतून ऐकत होते, तेही म्हणाले, "आतच घाला." सगळ्यांचं एकमत झालं. आमच्या घरात इतकं एकमत कधी कशावर झालेलं नाही.

वाकळ पंख्याखाली वाळते असं ज्याला वाटतं त्यानं कधी वाकळ धुतलेली नसते. वरून कोरडी लागते, आत थर ओलेच. ती तशीच अंथरायची, वर चादर. सकाळी परत ओली. परत मागची खोली. त्या खोलीला वास धरला, मग घराला धरला. सुजातानं उदबत्त्या लावल्या. मग घराला दोन वास आले.

मांजर

यांची बहीण, म्हणजे माझ्या वन्सं, आल्या होत्या. वन्सं तोंडाच्या तिखट, पण येताना पिशवीभर काहीतरी घेऊन येणाऱ्या. उंबऱ्यात चपला काढता काढताच नाक वर केलं.

"वहिनी, मांजर पाळलंय व्हय गं?"

"न्हाई की."

"मग मांजराशिवाय वास कसा यायला लागलाय?"

आबा आतल्या खोलीत बसले होते. मधे नुसता पडदा. पडदा काय कान झाकतो?

त्या दिवसापासून आबांनी पाणी सोडलं. कुणाला सांगितलं नाही. जेवताना तांब्याकडं हात जायचा आणि मागं यायचा. चहा नुसता ओठाला लावायचे. मी म्हटलं, "पाणी घ्या की," तर म्हणाले, "घेतलंय मघाशी." त्यांचा हिशोब सोपा होता. वरून घातलंच नाही तर खाली येणार नाही. लेथवरच्या माणसाचा हिशोब. यंत्राला तेल कमी घातलं तर गळणार नाही, तसा.

म्हातारी माणसं हा हिशोब करतात. सगळीच करतात, हे मला नंतर दवाखान्यात कळलं. तुमच्या घरातलंही करत असेल. त्याच्या तांब्याकडं लक्ष ठेवा. भरलेला तांब्या संध्याकाळी भरलेलाच असला तर ती चांगली गोष्ट नव्हे.

पाणी सोडल्यावर लघवी कमी झाली का? नाही. थेंब थेंब व्हायला लागली, जळजळायला लागली, आणि वास तर असा, की डोळ्याला झोंबावा.

मग एक दिवस दुपारी ते कॉटवर चादरीखाली हात घालून काहीतरी शोधायला लागले.

"काय हुडकताय?"

"लेथच्या चकची चावी कुठं ठेवलीस? जॉब लावायचाय. मालक आलाय न्हवं."

अंगाला हात लावला तर तापलेलं. विजयला फोन केला. तो म्हणाला, "वयाचं असतंय गं आई, शिफ्ट संपली की येतो." सुजातानं माझ्या हातातनं फोन घेतला आणि म्हणाली, "शिफ्ट ऱ्हाऊ दे, गाडी घेऊन या." आली ती गाडी.

इतकं मात्र पाठ करून ठेवा. म्हातारं माणूस एकाएकी असंबद्ध बोलायला लागलं, ताप असो-नसो, तर त्याला म्हातारचळ म्हणून सोडून देऊ नका. लघवीत इन्फेक्शन झालं की डोकं असं फिरतं. आमचे शेजारी दोन दिवस थांबले असते. आम्ही थांबलो नाही, एवढंच आमचं शहाणपण.

कारण असतं

डॉक्टर बाई होत्या, तरुण. आबा जरा शुद्धीवर आल्यावर त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि सरळ त्यांनाच विचारलं.

"आजोबा, लघवीला किती वेळा जाता?"

"जातो की."

"धरवत नाही असं होतं का?"

आबा वर छताकडं बघायला लागले. विजय म्हणाला, "वयाचं असतंय मॅडम."

"वयाचं काही नाही. वयानं केस पिकतात. ह्याला कारण असतं, आणि पुष्कळदा इलाज पण असतो. किती दिवस चाललंय हे?"

 मी म्हटलं, "दोन नवरात्रं गेली."

त्यांनी आबांना कुशीवर वळवलं. बसायच्या जागेची कातडी लाल झाली होती, दोन ठिकाणी सोललेली. मला माहीत नव्हतं. ज्या माणसाचा मी संसार केला, त्याची कातडी सोललेली मला माहीत नव्हती, कारण ते दाखवत नव्हते आणि आम्ही वाकळ बघत होतो.

"ह्यांच्या खाली काय अंथरता?"

"वाकळ. आणि हल्ली वाकळीवर मेणकापड," सुजाता म्हणाली.

"मेणकापडावर काय?"

"काय न्हाई. पुसायला बरं पडतं."

"मेणकापड अंगाला लागू द्यायचं नाही. खाली घाम धरतो, कातडी कुजते. त्याच्यावर सुती कापडाच्या दोन घड्या घाला, त्या बदला. आणि वाकळ वाळवता कुठं?"

"आतच. पंख्याखाली."

"गच्ची नाही?"

"हाय की."

"ऊन येत नाही?"

"येतंय."

"मग?"

आता ह्याला काय उत्तर द्यायचं? त्या बाई दुसरीकडच्या. गच्चीवर ऊन असून वाकळ आत का वाळते, हे त्यांना कसं सांगणार?  आबांनीच तोंड उघडलं. म्हणाले, "लोकं बघत्यात, बाई."

प्रोस्टेटची गाठ वाढली होती, आतली लघवीची पिशवी पुरती रिकामी होत नव्हती, वरून साखर. सांगितलं ते एवढं. गोळ्या सुरू झाल्या. दोन वर्षं ज्याला आम्ही उदबत्ती लावत होतो त्याला गोळ्या होत्या.

नळी

दवाखान्यात लघवीला नळी घातली होती. कॉटच्या कडेला पिशवी लोंबायची. कुणी भेटायला आलं की आबा पाय लांब करून ती पिशवी चादरीनं झाकायचे. नर्स येऊन चादर काढायची. भेटायला आलेले पिशवीकडं बघायचे नाहीत, म्हणजे कसं, तर इतकं बघायचे नाहीत की खोलीत दुसरं काही नाहीच असं वाटावं. "काय आबा, लवकर बरं व्हा, आमटी वाढायला या," म्हणायचे आणि घड्याळ बघत उठायचे.

एक दिवस नळीच्या कडेनं गळलं आणि सगळी चादर भिजली. नर्स दुसऱ्या पेशंटकडं अडकलेली. विजय तिथंच होता. हाताखाली माणसं वागवणारा गडी, पण बापाच्या अंगाखालची चादर काढायची वेळ आली तर म्हणाला, "बघतो कोण हाय का," आणि बाहेर गेला तो गेलाच. सुजातानं पदर खोचला. "मामंजी, कंबर जरा उचला." पुसलं, कोरडं केलं, कुशीवर वळवून घेतलं, नवी चादर घातली. तोंड वाकडं केलं नाही. आबांनी डोळे मिटून घेतले होते. ती हात धुवायला गेल्यावर मला म्हणाले, "पोरीला बघायला लावलंस."

मी म्हटलं, "तिनं केलं, मी लावलं न्हाई."

नळी काढायच्या आदल्या दिवशी डॉक्टरबाईंनी डायपर दाखवला. आबांनी हातानं ढकलला. "मी काय तान्हं हाय?" बाई म्हणाल्या, "बाहेर जायच्या दिवशी उपयोगी पडतो, घरात नाही वापरलात तरी चालेल." ते पाकीट आम्ही घरी आणलं आणि कपाटात वर ठेवलं.

तिथंच, कॉटवर बसून, त्यांनी मला सांगितलं. सानिकाचं लग्न ठरत आलं होतं. म्हणाले, "एक सांगतो. अक्षतेला मी असणार. कोपऱ्यात न्हाई. पुढच्या रांगेत बसणार, पाव्हण्यांच्या मांडीला मांडी लावून."

मी म्हटलं, "बसा की. तुमचीच नात हाय."

"ते तू म्हणतीस," ते म्हणाले.

घड्याळाबरोबर

आता आम्ही काय काय केलं ते सांगते. क्रमानं आठवत नाही.

लागली की पळायचं, हे बंद केलं. लागायच्या आधीच जायचं. दीड-दोन तास झाले की मी म्हणायचे, "अवो, फिरून येऊया." लघवीला चला म्हणून कुणासमोर म्हणायचं नाही. फिरून येऊया म्हटलं की त्यांना कळायचं. त्यांचा मानही राहायचा आणि विजारही. पहिले काही दिवस हुकायचं. हुकलं की काही बोलायचं नाही. "असू दे" सुद्धा नाही. असू दे म्हटलं तरी ते ऐकू येतं.

नाडीची विजार काढून टाकली. नाडीची गाठ सोडवेपर्यंत अर्धं काम झालेलं असायचं. इलॅस्टिकच्या शिवून घेतल्या. कॉटपासून संडासापर्यंतच्या वाटेवरची पायपुसणी उचलली, पाय अडकायचा त्यात. कमोडची खुर्ची आणली. सकाळपासून पाणी भरपूर, दिवस कलला की कमी. चहा दोनदाच, आणि ह्यावरून आमची भांडणं झाली तेवढी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातसुद्धा झाली नव्हती. पोट साफ ठेवायचं, ते तुंबलं की हेही बिघडतं. खालची जागा नुसत्या पाण्यानं धुवायची, टिपून कोरडी करायची, डॉक्टरनं दिलेलं मलम लावायचं. मेणकापडावर सुती घड्या.

आणि वाकळ गच्चीवर.

त्यावरूनच जुंपली. दवाखान्यातून आल्यावर पहिल्याच उन्हाच्या दिवशी मी वाकळ वर नेली आणि रस्त्याकडच्या कठड्यावर पसरली. शेजारच्या शकूनं वर बघितलं. मीही खाली बघितलं.

"काय आक्का, आताच धुणं काढलंत?"

"व्हय. आबांच्या अंगाखालची हाय. ऊन चांगलं पडलंय."

शकू म्हणाली, "व्हय, ऊन हाय खरं," आणि आत गेली. बघा, एवढंच होतं ते. दोन वर्षं आम्ही ज्याला भ्यालो ते एवढंच होतं. पण खाली आले तर सुजाता जिन्यात.

"आत्ती, परवा सोयरे यायचेत तारीख धरायला. तेवढा दिवस तरी..."

"डॉक्टर काय म्हणाली, तू ऐकलंस की."

"मी ऐकलंय वो. मामंजींचं मीबी करत्येच की. पण सासरी सानिकाला जायचंय. उद्या तिला कुणी बोललं तर तुम्ही जाणार हाय का तिथं?"

ती वाकळ काढून आत टाकायची, मी परत वर न्यायची. सोयरे आले त्या दिवशी वाकळ वरच होती. मुलाच्या आईनं गाडीतनं उतरताना वर बघितलं, मी बघितलं तिला बघताना. चहा झाला, तारीख ठरली, मग ती बाई माझ्याजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "आमच्या सासूबाईंचंबी असंच हुतं. आम्ही मागं परड्यात खोली करून दिलती."

"मग आता कशा हायत?"

"गेल्या की. तिथंच."

असं म्हणून तिनं बिस्कीट बुडवून खाल्लं. वाईट बाई नव्हे ती. मला धीर द्यायला म्हणून सांगत होती.

तयारी

लग्न उन्हाळ्यातलं. विजय एका संध्याकाळी आमच्या खोलीत आला आणि उभ्या उभ्या म्हणाला, "आबांना त्या दिवशी घरीच ठेवूया का? एक बाई लावू सोबतीला. व्हिडिओ कॉल करू अक्षतेच्या वेळी. दगदग कशाला."

आबा म्हणाले, "कुणाची दगदग?"

"तुमचीच की."

"माझी असंल तर मी बघतो. तुझी असंल तर तसं सांग."

विजय खाली बघायला लागला. मग म्हणाला, "बरं. पहिल्या रांगेतली खुर्ची तुमची. शब्द देतो."

त्या दिवसापासून आबांनी सराव धरला. माणसं पहाटे तालमीला जातात, तसा हा माणूस पुढच्या सोप्यात लाकडी खुर्चीवर सराव करायला लागला. आधी फिरून यायचं, मग खुर्चीवर बसायचं, हात मांडीवर, पाठ ताठ. अक्षतेला जेवढा वेळ लागतो तेवढा बसायचं. सानिका येता-जाता म्हणायची, "आबा, भटजी यायचेत अजून." ते हसायचे नाहीत. "भटजी लांबवत्यात," म्हणायचे, "थोडं जास्तीचं बसून बघतो." मी सोप्याच्या दारात लसूण सोलत बसायची. त्यांच्या पायाचा अंगठा दाबला जायचा तेव्हा मला कळायचं की आता लागलीय. पण धरायचे. गोळ्यांनी फरक पडला होता, घड्याळानं पडला होता, आणि राहिलेला त्यांनी स्वतः पाडला होता. विजार कोरडी राहायला लागली.

आणि लग्नाच्या आदल्या दिवशी ते स्वतःच म्हणाले, "ते पाकीट काढ कपाटातनं."

मी म्हटलं, "कशाला, कोरडं असतंय की आता."

"असू दे. पोरीच्या लग्नात नको काय घोटाळा."

तान्हं नव्हे म्हणून ज्यानं ढकललं होतं, त्यानं आपण होऊन मागितलं. काय गिळलं असेल त्या माणसानं ते मागताना, ते मला माहीत आहे. सुजाता दारात होती. तिनंही ऐकलं.

पहिली रांग

कार्यालयात मी आदल्या दिवशीच जाऊन संडास बघून आले होते. कमोड आहे का, पायरी किती, कडी आतून लागते का. हे तुम्हीही करा, कुठंही न्यायचं असेल तर. पिशवीत जादा विजार, टॉवेल, डायपर. निघताना फिरून आलो, तिथं पोचल्यावर फिरून आलो. आबांनी गुलाबी फेटा बांधला होता. गल्लीतली माणसं पुढं येऊन पाया पडत होती, "आबा, आज बादली कुठाय?" म्हणत होती. ते म्हणाले, "आज बसणार हाय. आज मला वाढा." कितीतरी महिन्यांनी मी त्यांना मोठ्यानं बोलताना ऐकलं.

मग आम्ही पहिल्या रांगेकडं आलो.

सगळ्या खुर्च्यांना पांढरे शुभ्र अभ्रे, मागं सोनेरी गाठ. आणि मधोमध एका खुर्चीवर तांबडं मेणकापड. आमच्याच कॉटवरचं. कोपऱ्याला इस्त्रीचा डाग आहे, तो मला लांबून दिसला. चार बाजूंनी नीट खोचलेलं. सुजाताचं काम नीटच असतं.

आबा खुर्चीजवळ येऊन थांबले. बघितलं. त्यांनाही तो डाग ओळखू आला असणार, रोज त्याच्यावर झोपणारे तेच. सुजाता स्टेजजवळून लगबगीनं आली, कानाशी म्हणाली, "मामंजी, काय वाटून घेऊ नका. भाड्याच्या खुर्च्या हायत. आणि सोयरे शेजारीच बसणार. आपली नुसती काळजी."

"डायपर घातलाय त्यांनी," मी म्हटलं. "तुला ठाऊक हाय."

"हाय वो आत्ती. पण एखाद्या वेळेस..."

आबा म्हणाले, "असू दे. मी उभाच ऱ्हातो. लेथवर जल्मभर उभाच हुतो की." आणि खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. सरावात ताठ व्हायची तशीच पाठ ताठ. त्या माणसानं बसायचा सराव केला होता. उभं राहायचा नव्हता केला.

मांडवात बोंबलायची माझी इच्छा झाली नाही. नातीचं लग्न होतं. मी त्या मेणकापडावर बसले. माझी पांढऱ्या अभ्र्याची खुर्ची शेजारी होती, तिच्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "बसा." ते बघत राहिले. मी परत म्हटलं, "अवो, बसा की. भटजी लांबवत्यात." बसले.

सुजातानं मला उठवायला हात पुढं केला, तो तसाच मागं नेला. सोयरे आले, आबांच्या मांडीला मांडी लावून बसले. अक्षता पडल्या. आबांनी उभं राहून टाकल्या, परत बसले. सगळं जसं व्हायला हवं होतं तसं झालं. फक्त मेणकापडावर मी होते. उन्हाळा, पत्र्याचं छप्पर, अंगावर रेशमी साडी. खाली काय होतंय ते मला कळत होतं. डॉक्टरबाईंनी सांगितलेलंच होतं ते, मेणकापड घाम धरतं.

सानिकानं स्टेजवरून हाक मारली, "आजी, आबा, फोटोला या." मी उठले. साडी मेणकापडाला चिकटली होती, सोडवून घेतली. दोन पावलं गेले असेन, मागून वन्संचा आवाज आला.

"वहिनी, अगं हे मागं काय झालंय?"

रांगेतली सगळी माणसं वळली. आणि वळली ती माझ्याकडं नाही. आधी सगळ्यांनी आबांकडं बघितलं. आबांचा हात झटकन आपल्या विजारीकडं गेला. चाचपून बघितलं. कोरडी होती. तरी तोंड पांढरं पडलं होतं.

मग त्यांनी माझ्या साडीकडं बघितलं. बशीएवढा मोठा ओला डाग. त्यांनी मला हळूच विचारलं, "तुझं हाय व्हय?"

पदर मागं ओढायला एक क्षण पुरला असता. मी ओढला नाही. वन्संकडं वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "त्यांचं न्हाई. माझं हाय. वय झालं वन्सं, हुतंय कधी कधी. चला, फोटो काढायचाय."

आणि तशीच, पाठ सगळ्या मांडवाकडं करून, पायऱ्या चढून स्टेजवर गेले. आबा मागून आले. चढताना त्यांनी माझा हात धरला नाही, माझ्या मागं अगदी जवळ चालले, डाग झाकला जाईल असे.

घरी येऊन त्यांचा डायपर काढला तर कोरडा होता.

सुजाता दुसऱ्या दिवशी माझ्याजवळ आली, म्हणाली, "आत्ती, डॉक्टरला दाखवूया का तुम्हालाबी?" खरोखर काळजीनं म्हणाली. गल्लीतही कळलं आहे. शकू हल्ली माझ्याकडं जरा वेगळं बघते. वाकळ गच्चीवर असली की आता ती कुणाची, हे लोकांना नक्की सांगता येत नाही.

तो घाम होता, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. आबांनाही नाही. इथं पहिल्यांदा लिहिते आहे.